ताईंच्या खोलीची तपासणी

माणसाला एकदा विनोदी म्हणून नाव पडलं की त्याला आलेला तापही लोकांना खरा वाटत नाही. हे मी अनुभवाने सांगतो. एकदा आष्टीला बाजाराच्या दिवशी शेतकरी मेळावा होता. मोसंबीच्या छाटणीवर बोलता बोलता मला उन्हाने भोवळ आली आणि मी स्टेजवर आडवा झालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "वाळकं झाड कसं पडतंय ते दाखवून राह्यले सर." तोंडावर पाणी मारून उठवल्यावर मीही हात जोडले आणि हसलो. दुसरं काय करणार?

कृषी विद्यापीठाच्या जालन्याजवळच्या एका केंद्रावर मी एक्क्याऐंशी साली विस्तार शिक्षणाचा अधिव्याख्याता म्हणून लागलो. विस्तार म्हणजे आमच्या शास्त्रज्ञांनी शोधलेलं शेतकऱ्यांना सांगायचं आणि शेतकऱ्यांनी दिलेल्या शिव्या शास्त्रज्ञांना सांगायच्या. मला दोन्ही छान जमायचं. केंद्र म्हणजे एक लांबट इमारत, एक वसतिगृह, मागे तुरीचे प्लॉट आणि त्यापलीकडे क्वार्टरांची रांग. निम्मे क्वार्टर रिकामेच, कारण निम्मा स्टाफ औरंगाबादहून आणि बदनापूरहून रेल्वेने यायचा. पाच वाजले की केंद्राची जीप त्यांना स्टेशनावर सोडायला निघायची आणि जीप फाटकाबाहेर पडली की केंद्र असं सामसूम व्हायचं, जसं काही कुणी बटण दाबून बंद केलं.

बायको होती तोवर मला ही सामसूम कधी जाणवली नाही. भांडायला माणूस असलं की चार खोल्यासुद्धा कमी पडतात. नव्वदच्या दशकाचा मध्य उलटला आणि ती गेली. आजार लांबला होता. इंजेक्शनं केंद्राच्या दवाखान्यात, मोठे उपचार औरंगाबादला. मुलगी लग्न होऊन नागपूरला. ती रविवारी फोन करायची, "बाबा, कसे आहात?" मी एखादा किस्सा सांगायचो, ती हसायची, आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं.

स्टाफरूममध्येही तेच. तेराव्यानंतर मी रुजू झालो तेव्हा सगळे गप्प होते, कुणाला काय बोलावं सुचेना. ती शांतता मला सहन झाली नाही. मी एक विनोद केला. सगळे इतके हसले की मला त्यांची दया आली. बिचारे कधीपासून श्वास धरून बसले होते. "सर म्हणजे खरंच सर आहेत," कुणीतरी म्हणालं. त्या दिवसापासून माझी चौकशी करायची कुणाला गरज पडली नाही.

घरी मात्र आवाज नव्हता. रेडिओ होता, पण रेडिओ आपल्याकडे बघत नाही. मग मला एक खोड लागली. संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून मोसंबीचं व्याख्यान द्यायला लागलो. चांगलं हातवारे करून, मधे पाणी पिऊन. एकदा असं रंगात आलो असताना दारातून प्रश्न आला, "सर, मंग डिंक्यावर औषध कोणतं मारायचं?" दूधवाला कॅन घेऊन केव्हाचा उभा होता. त्याची मोसंबीची बाग होती. मी त्याला औषध सांगितलं. त्याने विचारलं, "पाहुणे आले का कोणी?" मी म्हणालो, "उद्याची तयारी करून राह्यलो." त्यानंतर तो रोज थोडा लवकर यायला लागला आणि माझं तेही सुख गेलं.

याच सुमारास विद्यापीठाने ठरवलं की प्रत्येक केंद्रावर कर्मचाऱ्यांसाठी एक कक्ष उघडायचा. कुणाला घरची चिंता असेल, दारू सुटत नसेल, बदलीने झोप उडाली असेल, तर त्याने तिथे जाऊन मोकळं बोलावं. नाव होतं कर्मचारी साहाय्य कक्ष. आमच्याकडे तो दवाखान्याच्या व्हरांड्यात टोकाच्या खोलीत उघडला. तिथे बसायला ताई आल्या. आल्या म्हणजे काय, होत्याच. बरीच वर्षं त्या दवाखान्यात समाजसेविका होत्या. नर्स रजेवर असली की इंजेक्शनही त्याच द्यायच्या. विद्यापीठाने त्यांना कसलंसं प्रशिक्षण दिलं आणि बाजूच्या खोलीत बसवलं. अंबडकडच्या, एका शाळामास्तरांची मुलगी. बोलणं शांत, चालणं भरभर.

उद्घाटनाला आमच्या प्रमुख साहेबांनी नारळ फोडला आणि भाषणाच्या शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "काय सर, तुम्ही येणार का इथं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आता अशा वेळी शहाणा माणूस नुसता हसतो. मी म्हणालो, "येईन की साहेब. डेड स्टॉक तपासायला!"

हशा झाला. ताईही हसल्या. आमच्याकडे शिकवण्याबरोबर प्रत्येकाच्या गळ्यात एखादं जादा काम असतं आणि माझ्या गळ्यात डेड स्टॉक होता. डेड स्टॉक म्हणजे टेबल, खुर्ची, कपाट असल्या वस्तू. प्रत्येकीच्या पोटाखाली पांढऱ्या ऑइल पेंटने नंबर टाकलेला असतो. वर्षातून एकदा, मार्चमध्ये, कुणीतरी गुडघ्यावर बसून ते नंबर बघायचे आणि वस्तू अजून आहे असं लिहून द्यायचं, एवढंच काम. वस्तूला तेवढं पुरतं.

कक्ष उघडला, पण कोणी जाईना. त्याला कारण होतं समोरचं कँटीन. आमच्याकडची रीत अशी, की कोणाच्याही खोलीत माणूस शिरला की न सांगता चहा जातो आणि कँटीनवाले मामा ऑर्डर ओरडून सांगतात. "ताईंच्या खोलीत दोन!" ही आरोळी थेट प्रयोगशाळेपर्यंत पोचायची. एक कप म्हणजे ताई एकट्या, दोन म्हणजे कोणीतरी आत रडतंय. असल्या आरोळीखालून मोकळं व्हायला कोण जाणार?

पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की लोक जात होते. फक्त सांगून जात नव्हते. ड्रायव्हरला तिथेच वजन करायचं असायचं. लायब्ररीतल्या माणसाला तिथल्याच माठातलं पाणी गोड लागायचं. एक सर तर दाराशी उभे राहून अर्धा तास घड्याळ जुळवायचे. ताई कोणालाही "काय झालं?" म्हणून विचारत नव्हत्या. वजन करून द्यायच्या, पाणी द्यायच्या.

मी शेवटी गेलो तो एका बुधवारी. बुधवारी दुपारी मला तास नसायचा. हातात पेन्सिल घेतली.

"या सर. काय काम काढलंत?"

"तपासणी. डेड स्टॉकची."

"आत्ता? मार्च तर लई दूर आहे."

"अचानक तपासणी आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "मंग करा की. बिलकुल करा."

खोलीत होतं काय? वजनकाटा आणि माठ सोडला तर एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट. मी एक खुर्ची उलटी केली, नंबर वाचला, सरळ केली. दुसरी केली. कपाटाच्या मागे डोकावलो. आता उरलं टेबल. टेबलाखाली शिरलो. आणि तिथे, त्या अंधारात, माझ्या वयाच्या पन्नाशीत, मला बाहेर यावंसंच वाटेना. वर माणूस होतं, पण त्याला माझं तोंड दिसत नव्हतं. मला फार दिवसांनी कोणासमोर तरी तोंड सांभाळावं लागत नव्हतं.

"नंबर दिसून न्हाई राह्यला," मी खालून म्हणालो. आवाज घोगरा आला.

"दिसंल. जल्दी न्हाई काही," ताई वरून म्हणाल्या. त्यांनी पाय तेवढे मागे घेतले आणि मला जागा करून दिली.

मग त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या मंडळींना तुमचे सगळे विनोद पाठ होते, माहीत आहे का? सुई टोचताना मला सांगायच्या. शेवट आधीच सांगून टाकायच्या, अन् मंग हसत बसायच्या."

मला माहीत नव्हतं. घरात ती माझ्या विनोदांना कधी हसली नाही. "झालं का तुमचं?" एवढंच म्हणायची. मी टेबलाच्या पायाला धरलं आणि रडलो. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत, गड्यासारखा नाही आणि पोरासारखाही नाही. एखादं जुनं इंजिन सुरू होताना करतं तसला आवाज करत.

नेमके मामा चहा घेऊन आले. "सर आत्ताच आल्ते ना? कुठं गेले?"

"टेबलाखाली आहेत," ताई म्हणाल्या. "नंबर बघून राह्यले."

मामांनी विचार केला. "मंग त्यांचा चहा खाली ठेवू का?"

"ठेवा."

तो चहा मी टेबलाखालीच प्यालो.

पुढच्या बुधवारी परत तपासणी. त्याच्या पुढच्याही. दोनेक महिन्यांनी मी टेबलाखालून खुर्चीवर आलो, पण तपासणी हा शब्द तसाच राहिला. "आज काय तपासायचं सर?" असं ताई विचारायच्या आणि मी म्हणायचो, "कपाट." त्यावर आम्ही दोघंही हसायचो नाही.

त्या खोलीचं मोल काय होतं, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलंय. ताई काही फार बोलायच्या नाहीत. पण मला त्यांना काही समजावून सांगावं लागत नव्हतं. जीप गेल्यावर केंद्र कसं होतं, हे त्यांना माहीत होतं. रविवारी कँटीन बंद असतं, हेही. एकदा त्यांनी सहज विचारलं, "रविवारी काय खाता?"

"बिस्किटं."

"दोन्ही वक्ताला?"

"रात्री वेगळ्या कंपनीची."

त्या हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी वसतिगृहाचे रेक्टर माझ्या दाराशी हजर. "सर, पोरं म्हणून राह्यली, रविवारी मेसला सरांना बोलवा." पोरं असलं काही म्हणाली नव्हती. पोरांना मी परीक्षेत काय विचारतो एवढ्यापुरताच प्रिय होतो. रेक्टरच्या कानात कोण बोललं, हे मी विचारलं नाही. पण तेव्हापासून रविवारी दुपारी माझ्या ताटात गरम पोळी पडायला लागली. लांबचा कोणी जाणकार असता तर त्याने मला सकस आहाराचं महत्त्व सांगितलं असतं. ते तर मी स्वतः रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात सांगत होतो.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग नवं शतक लागलं आणि विद्यापीठाला आधुनिक व्हावंसं वाटलं. हे केंद्रावरचे कक्ष बंद करायचे आणि काम शहरातल्या एका संस्थेला द्यायचं, असा विचार पुढे आला. प्रत्येकाला एक फोन नंबर मिळणार, पलीकडे शिकलेली तज्ज्ञ माणसं. शिवाय ओळखपाळख नाही, त्यामुळे संकोच नाही. म्हणणं चुकीचं नव्हतं. मामांची आरोळी मी ऐकलेली होती.

आमचं मत घ्यायला मुख्यालयातून एक अधिकारी आले. सभागृहात सगळा स्टाफ. ताई मागच्या रांगेत. अधिकारी सज्जन होते. त्यांनी विचारलं, "या कक्षाचा उपयोग कोणी केलाय का? एकानेही सांगितलं तरी मी वरती तसं कळवीन. पण कुणी बोललंच नाही, तर मी काय कळवू?"

ड्रायव्हरने छताकडे बघितलं. लायब्ररीवाल्याने बुटाकडे. घड्याळवाल्या सरांनी घड्याळाकडे. कोण कशाला बोलेल? वजन करायला जाणाऱ्याने आपण वजन करायला जात नव्हतो, हे चारचौघांत कसं सांगावं? ताईंनी तर कोणाचं नाव आयुष्यात घेतलं नसतं. मला दिसत होतं की ही खोली आता माझ्या एका वाक्यावर उभी आहे. ती गेली तर मी परत भिंतीला मोसंबी शिकवणार.

मी उभा राहिलो. "साहेब," मी म्हणालो, "मी करतो उपयोग. मी दर बुधवारी तपासणीच्या नावाखाली त्या खोलीत जातो. सुरुवातीला तर टेबलाखाली बसून रडायचो."

आणि सभागृह फुटलं. लोक बाकांवर हात मारून हसत होते. प्रमुख साहेबांनी चष्मा काढला. मामा दाराशी उभे होते, तेही हसले, आणि त्यांनी तर चहा आणून दिला होता! "खरं सांगून राह्यलो," मी म्हणालो. हशा दुप्पट झाला. "चहाही टेबलाखालीच प्यायचो," मी म्हणालो, आणि कोणीतरी "बस करा सर, पोट दुखून राह्यलं!" असं ओरडलं. अधिकाऱ्यांनी रुमालाने डोळे पुसले. "वातावरण खेळीमेळीचं आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. "अशी माणसं असल्यावर तुम्हाला कक्षाची काय गरज?"

मी खाली बसलो. मागे वळून बघितलं. ताई हसत नव्हत्या. आणि मृदाशास्त्राचे एक सर हसत नव्हते. ते कपाळाला आठ्या घालून बसले होते. हे सर एकटेच क्वार्टरमध्ये राहायचे, कुणात मिसळायचे नाहीत, आणि त्यांना विनोद सांगणं म्हणजे खडकात तूर पेरणं, असं मीच म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुख साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं. "साहेब, काल मी बोललो ते खरं होतं."

साहेब हसले आणि मागे रेलून थांबले. पुढचं वाक्य ऐकायला थांबले होते. मी दिलंच नाही. ते थांबलेलेच. चेहऱ्यावर हसू तसंच, फक्त हळूहळू त्यातली हवा जात होती. शेवटी त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. "सर," ते खाली बघत म्हणाले, "रिपोर्ट तर कालच्या जीपनं गेला."

कक्ष बंद झाला. ताईंची मुख्यालयाच्या दवाखान्यात बदली झाली. निघायच्या दिवशी मी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत मी काही बोलू शकलो नाही. माझ्याबद्दल ही बातमी कोणाला खरी वाटणार नाही. ताई म्हणाल्या, "रविवारी मेसला जायचं सोडू नका. रेक्टर विसरले तर आपणहून जाऊन बसा." मी मान हलवली. "अन् काल बोललात ते चांगलं केलं," त्या म्हणाल्या. सभा होऊन पंधरवडा झाला होता, पण त्यांना ते काल वाटत होतं. मलाही.

शहरातल्या नंबरावर मी फोन केला नाही असं नाही. पलीकडे एक मुलगी होती, आवाज गोड. "सर, तुमच्यावर ताण किती आहे? एक ते दहामध्ये सांगा."

"आमच्याकडे ताण झाडाला देतात," मी म्हणालो. "पाणी तोडून. मग बहार येतो."

ती खळखळून हसली. मलाही जरा बरं वाटलं, सवयच ती. तिने विचारलं, जवळपास फिरायला बाग आहे का? मी म्हणालो, तुरीचा प्लॉट आहे. "मग रोज संध्याकाळी तिथे फिरा सर!" तूर नुकतीच काढून झाली होती, नुसती धसकटं उभी होती. पण तिला ते कसं दिसावं? शेवटी ती म्हणाली, "तुम्ही खूप सकारात्मक आहात सर." मुलगी वाईट नव्हती. पुढच्या वेळी मी फोन केला तर दुसरीच मुलगी. तिने सुरुवातीपासून विचारलं, घरी कोण कोण असतं. मी बायकोच्या मरणापासून परत सुरुवात केली आणि अर्ध्यातून फोन ठेवून दिला. प्रत्येक वेळी नव्या माणसासाठी तिला नव्याने मारणं मला जमेना.

पुढे काही महिन्यांनी कुंभार पिंपळगावला मेळावा होता. जीपमध्ये मागच्या सीटवर मी आणि मृदाशास्त्राचे सर. त्यांच्या मांडीवर मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या. घनसावंगी मागे पडेपर्यंत ते एक अक्षर बोलले नव्हते. मला राहवलं नाही.

"तुम्ही त्या दिवशी हसला न्हाईत," मी म्हणालो.

"कोणत्या दिवशी?"

"ते अधिकारी आल्ते तेव्हा. मी ताईंच्या खोलीबद्दल बोललो."

त्यांनी नीट आठवून बघितलं. "त्यात विनोद कुठं होता?"

"नव्हता."

"मंग बराबर आहे." त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "मला वाटलं, माझंच चुकलं. सगळे हसून राह्यले अन् मला काही सापडंना."

जीप खड्ड्यातून गेली. त्यांनी पिशव्या सांभाळल्या. मग म्हणाले, "दर बुधवारी जायचे तुम्ही तिथं?"

"हो."

"मंग आता बुधवारी काय करता?"

माझ्याकडे दोन-तीन उत्तरं तयार होती. ड्रायव्हर आरशातून बघत होता, त्याचे ओठ हसायला तयारही झाले होते.

"काही न्हाई," मी म्हणालो. "घरी बसतो."

"मी येऊ का?" ते म्हणाले. आणि लगेच, "मला बोलता येत न्हाई पण."

बुधवारी ते खरोखर आले. चप्पल दाराशी जोडून ठेवली, खुर्चीच्या कडेवर बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. दूधवाला येऊन गेला. मी चहा केला, तो थोडा करपला. त्यांनी तो पूर्ण प्यायला. ताईंसमोर बसलं की बोलणं आपोआप सुरू व्हायचं, इथे तसं काही नव्हतं. दोन ठोंबे समोरासमोर बसले होते. मला वाटलं, आता हे मातीच्या सामूवर, म्हणजे आम्लतेवर, बोलणार आणि मग उठणार.

"तुमच्या मंडळींना काय झाल्तं?" त्यांनी विचारलं.

हे ताईंना कधी सांगावं लागलं नव्हतं. ह्यांना सांगावं लागणार होतं, आणि पहिल्यापासून. मी कप खाली ठेवला आणि सांगायला लागलो.